कोलंबसचं खरं जेवण जुन्या प्लाझांमध्येच का मिळतं

ओहायोतल्या कोलंबसला नव्यानं आलेलं मराठी कुटुंब बहुधा डब्लिन, पॉवेल किंवा लुईस सेंटरच्या बाजूला घर शोधतं, आणि बाहेर जेवायचं ठरलं की पोलॅरिस नाहीतर ईस्टन हा मॉल गाठतं. तिथे ऐसपैस जागा आहे, पार्किंग आहे, पण ताटात येतं ते बहुतेक देशात कुठेही मिळेल असंच. कोलंबसचं स्वतःचं जेवण शिजतं मोर्स रोड, क्लीव्हलँड ॲव्हेन्यू, बेथेल रोड, वेस्ट ब्रॉड आणि ईस्ट मेन या रस्त्यांवर, तिथल्या जुन्या एकमजली प्लाझांमध्ये. पुढे डांबरी मैदान, मागे ओळीनं दहा-बारा गाळे, एखादा बंद, एखाद्यात लाँड्री, आणि मधल्या गाळ्यात अप्रतिम शिजवलेलं बोकडाचं मटण. हे असं का झालं याला नेमकी कारणं आहेत. ती कळली की कुठे जेवायचं ते समजतं, आणि येत्या दहा वर्षांत या शहरात काय वाचवायला हवं तेही.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. जॅक सेन्सेनब्रेनर १९५४ मध्ये महापौर झाले आणि मधली चार वर्षं सोडली तर १९७१ अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांची अट सरळ होती: शहराचं पाणी आणि सांडपाण्याची लाइन हवी असेल, तर आधी शहराच्या हद्दीत या. १९५५ मध्ये बिग वॉलनट क्रीकवरचं हूवर धरण पूर्ण झालं आणि या अटीला वजन आलं. शेतजमिनीवर घरं बांधू पाहणारे बिल्डर स्वतःहून हद्दवाढीचे अर्ज घेऊन येऊ लागले. क्लीव्हलँड आणि सिनसिनाटी आजूबाजूच्या उपनगरांनी वेढली गेली आणि त्यांची लोकसंख्या घटत गेली. कोलंबस मात्र पसरत राहिलं. १९५० च्या जनगणनेत ३,७५,९०१ माणसं होती, २०२० मध्ये ९,०५,७४८. म्हणजे वाढ अडीच पटींहून थोडी कमीच. क्षेत्रफळ मात्र सुमारे ४० चौरस मैलांवरून सव्वादोनशेच्या आसपास गेलं, साडेपाच पट. एका चौरस मैलात तेव्हा नऊ हजारांवर माणसं राहत होती, आता चार हजारांच्या आसपास राहतात.

हॉटेल चालवणाऱ्याच्या दृष्टीनं या आकड्याचा अर्थ फार मोठा आहे. चालत येणारं गिऱ्हाईक निम्म्याहून कमी झालं. उरलेलं गाडीनं येणार, म्हणजे गाडी लावायला जागा हवी, म्हणजे जमीन हवी. अमेरिकन उपनगरी नियमांत खानावळीसाठी दर ७५ ते १०० चौरस फुटांमागे एक गाडीची जागा मागण्याची पद्धत रुळली. १,८०० चौरस फुटांच्या गाळ्याला ७५ च्या हिशेबानं २४ गाड्यांची जागा लागते. येण्याजाण्याची वाट धरून एका गाडीला सव्वातीनशे चौरस फूट धरा, म्हणजे ७,८०० चौरस फूट डांबर. जेवणाच्या जागेच्या चौपटीहून जास्त. प्लाझा आज जसे दिसतात तसे ते या गुणाकारातून घडले आहेत.

हद्दवाढीनं आणखी एक गुंता करून ठेवला आणि घर घेणाऱ्यांना तो पहिल्यांदा समजून घ्यावा लागतो. बेक्सली, अपर आर्लिंग्टन, ग्रँडव्ह्यू हाइट्स, व्हाइटहॉल ही स्वतंत्र शहरं राहिली आणि कोलंबसनं त्यांना चहूबाजूंनी वेढलं. १९८६ मध्ये ‘विन-विन’ नावाचा करार झाला आणि कोलंबसच्या हद्दीत येऊनही जमिनीचे मोठे तुकडे उपनगरांच्या शाळा-जिल्ह्यांतच राहिले. त्यामुळे घराचा टपाली पत्ता डब्लिन, महापालिका कोलंबस आणि शाळा हिलियर्डची, असंही असू शकतं. जाहिरातीतल्या पत्त्यावर विसंबू नका. फ्रँकलिन काउंटी ऑडिटरच्या संकेतस्थळावर घराच्या पार्सलची, म्हणजे जमिनीच्या तुकड्याची, नोंद काढा आणि त्यात कर-जिल्हा व शाळा-जिल्हा हे दोन रकाने वेगवेगळे वाचा. पॉवेल आणि लुईस सेंटरसाठी डेलावेअर काउंटीचं संकेतस्थळ बघायचं.

कराची गोष्टही याच साखळीतली. ओहायोत शहरं पगारावर स्वतःचा आयकर लावतात, आणि त्यावर पहिला हक्क तुम्ही जिथे काम करता त्या शहराचा. कोलंबसचा दर २.५ टक्के, डब्लिनचा २ टक्के. त्यामुळे उपनगराला घरापेक्षा ऑफिस प्रिय. ऑफिस कर देतं आणि शाळेवर भार टाकत नाही. प्रत्येक उपनगरानं रिंगरोडवरून खाली उतरायच्या वाटांजवळ ऑफिस पार्क उभी केली, आणि त्यांच्या शेजारी दुपारच्या जेवणासाठी चेन रेस्टॉरंटं आली. चेनचं तर हे माहेरघरच. व्हाइट कॅसलचं मुख्यालय १९३४ पासून इथे आहे. वेंडीजचं पहिलं दुकान १९६९ मध्ये डाउनटाउनला ईस्ट ब्रॉडवर निघालं आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या दुकानाला त्यांनी गाडीतून माल घ्यायची खिडकी लावली.

शहराभोवतीचा रिंगरोड, आय-२७०, सुमारे ५५ मैलांचा आहे आणि तो १९७५ मध्ये पुरा झाला. त्याच्या आतल्या बाजूला मॉल आधीच उभे राहिले होते: नॉर्थलँड १९६४, ईस्टलँड १९६८, वेस्टलँड १९६९. मोर्स रोडचे प्लाझा हे नॉर्थलँडच्या गर्दीवर पोसलेले. १९८९ मध्ये डाउनटाउननं सिटी सेंटर मॉल काढून उत्तर दिलं. मग १९९७ ला टटल, १९९९ ला ईस्टन, २००१ ला पोलॅरिस. चार-पाच वर्षांत तीन नवे मॉल आले, त्या मानानं गिऱ्हाईक वाढलं नव्हतं. नॉर्थलँड २००२ मध्ये बंद पडला, सिटी सेंटर २००९ मध्ये (तिथे २०११ पासून कोलंबस कॉमन्स हे उद्यान आहे), ईस्टलँड २०२२ मध्ये. मॉल गेला की भोवतालच्या प्लाझांतून आधी मोठी दुकानं जातात, मग ब्रँडची छोटी. उरतात ते बाराशे ते दोन हजार चौरस फुटांचे गाळे आणि भाडं उतरवायला तयार झालेला मालक.

नेमक्या याच काळात माणसं आली. १९९० च्या दशकापासून सोमाली निर्वासित आले. आज अमेरिकेत मिनियापोलिसच्या खालोखाल मोठी सोमाली वस्ती कोलंबसमध्ये आहे. २००८ च्या सुमारापासून भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळी भाषक आले. नॉर्थलँडच्या आसपास मॉलच्याच काळातली स्वस्त अपार्टमेंटं होती, क्लीव्हलँड ॲव्हेन्यूवर बस होती आणि गोदामांतल्या नोकऱ्या गाडीच्या टप्प्यात होत्या. जेवणारे आले, आणि रिकामी स्वयंपाकघरं शेजारीच होती.

आता त्या स्वयंपाकघराकडे नीट बघू, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. नवं हॉटेल काढताना सगळ्यात महाग पडतो तो चुलीवरचा धूर आणि मोरीतलं तेल. तेलकट वाफ निघेल असा स्वयंपाक करायचा तर ‘टाइप वन’ हूड, म्हणजे चुलीवरचं धूर ओढणारं छत्र, लागतं. ते चुलीच्या सर्व बाजूंनी किमान सहा इंच बाहेर आलेलं हवं, वर धूर वाहून नेणारी, वेल्डिंग केलेल्या सांध्यांची स्टीलची डक्ट हवी, छतावर पंखा हवा, आणि पंखा जितकी हवा बाहेर फेकतो तितकी आत आणणारी सोय हवी. ही शेवटची गोष्ट पैसे वाचवायला गाळली की काय होतं ते पुष्कळ ठिकाणी अनुभवायला मिळतं. पुढचं दार उघडताना जोर लावावा लागतो, कारण आत हवेचा दाब कमी झालेला असतो. मग हूड धूर ओढत नाही, जेवणघर धुरकट होतं आणि कपड्यांना फोडणीचा वास लागतो. हूडमध्ये आग विझवण्याची स्वयंचलित यंत्रणा बसवावी लागते आणि ती दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावी लागते. वोकवर किंवा जाळीवर दिवसभर स्वयंपाक असेल तर डक्टची सफाई तीन महिन्यांनी, कोळसा-लाकूड असेल तर दर महिन्याला. दहा फुटी हूड, डक्ट, पंखा, हवा आणि आगयंत्रणा मिळून खर्च सहज पंचवीस हजार डॉलरवर जातो. मोरीसाठी ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, वेगळा. त्यात तेल आणि गाळ मिळून खोलीच्या पाव भागापर्यंत आले की उपसावाच लागतो, नाहीतर तेल शहराच्या सांडपाण्याच्या नळात जाऊन थिजतं.

भारतीय हॉटेलवाल्यांची आणखी एक अडचण. कोळशाची भट्टी ही घन इंधनाची चूल धरली जाते, आणि तिला इतर चुलींपासून वेगळी धूरवाट द्यावी लागते. एका गाळ्यात दोन डक्ट परवडत नाहीत. म्हणूनच इथल्या बहुतेक प्लाझांत गॅसचा तंदूर दिसतो. नानला कोळशाचा वास नसेल तर त्यात आचाऱ्याचा दोष धरू नका.

ज्या गाळ्यात आधी पिझ्झा किंवा चायनीज होतं, तिथे हूड आणि ट्रॅप असतातच. त्या गाळ्याचा हिशेब करून बघू. जुना प्लाझा: १,८०० चौरस फूट, वर्षाला चौरस फुटामागे १४ डॉलर भाडं, शिवाय मालमत्ता कर, विमा आणि आवाराची देखभाल यांचे ५. एकूण १९, म्हणजे वर्षाला ३४,२०० डॉलर. नव्या इमारतीचा तळमजला: ३५ अधिक १२, म्हणजे ४७, वर्षाला ८४,६००. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण वास्तवाला धरून आहे. जागेचा खर्च विक्रीच्या आठ टक्क्यांत बसवायचा असेल, तर पहिल्याला वर्षाला ४,२७,५०० डॉलरचा धंदा लागतो आणि दुसऱ्याला १०,५७,५०० चा. वर्षाला ३१० दिवस आणि दर ताटाला १४ डॉलर धरले, तर पहिल्यानं रोज शंभराच्या आत ताटं विकली तरी भागतं. दुसऱ्याला जवळजवळ अडीचशे विकावी लागतात. रोज शंभर ताटं एक कुटुंब स्वतःच्या हातानं करू शकतं. अडीचशेला पगारी माणसं लागतात, मग मेनू सगळ्यांना रुचेल असा सपाट करावा लागतो. चवीतला फरक इथून सुरू होतो.

इतकाही पैसा नसेल तर त्याआधीच्या पायऱ्या आहेत: ट्रक, किंवा दुसऱ्याच्या दुकानातला कोपरा. मोर्स रोडवरच्या सारागा या आंतरराष्ट्रीय किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात मोमो घर सुरू झालं आणि तिथून डाउनटाउनच्या नॉर्थ मार्केटमध्ये पोचलं. घरगुती डबे देणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र कायदा पाहावा. ओहायोत घरी केलेले सुके पदार्थ परवान्याशिवाय विकता येतात. गोडा मसाल्यासारखं सुकं मिश्रण त्यात बसतं, लेबलवर घटक आणि ‘घरी बनवलेलं’ ही इंग्रजी सूचना छापावी लागते. पोळी-भाजीचा ताजा डबा त्यात बसत नाही, त्याला परवान्याचं स्वयंपाकघर हवं.

आता जेवायला कुठे आणि कसं जायचं. नॉर्थलँडच्या परिसरात गाडीशिवायही जाता येतं. डाउनटाउनहून क्लीव्हलँड ॲव्हेन्यूनं जाणारी सीमॅक्स ही जलद बस २०१८ पासून धावते. सोमाली हॉटेलात भात म्हणजे ‘बरीस’, खडा मसाला घालून मांसाच्या रश्श्यात शिजवलेला. त्याबरोबर सोललेलं केळं येतं. ते शेवटी गोड म्हणून ठेवून देऊ नका, भाताच्या घासाबरोबर खायचं असतं. हिरवी ‘बसबास’ चटणी आपल्याला सवयीची वाटेल इतकी तिखट असते. एका ताटात दोघांचं भागतं. मटण सकाळी एकाच मोठ्या भांड्यात होतं, म्हणून ते दुपारी मागावं. रात्री उशिरा संपलेलं असण्याची शक्यता जास्त. सकाळी गेलात तर ‘अंजीरो’ मिळतं, आंबवलेल्या पिठाचं, आंबोळीसारखं मऊ आणि जाळीदार. शुक्रवारी दुपारी नमाजानंतर गर्दी असते, आणि रमजानमध्ये दिवसा बरीच हॉटेलं बंद असतात.

शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: भात भाजीबरोबर मागवला तरी तो रश्श्यातच शिजलेला असतो, म्हणून आधी विचारावं. त्यांच्यासाठी इथिओपियन हॉटेलं जास्त सोयीची. ऑर्थोडॉक्स पंथात बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो, मांस-दूध-तूप चालत नाही, म्हणून इंजेरावर डाळी-भाज्यांचं पूर्ण ताट मिळतं. मोमोच्या बाबतीत झोल अचार हाडांच्या पाण्यात केलाय का ते विचारा. टोमॅटो, तीळ आणि टिमूर (तिरफळासारखा नेपाळी मसाला) यांचा पातळ झोल शाकाहारीही होतो, पण सगळीकडे नाही.

वायव्येकडच्या बेथेल आणि हेंडरसन रस्त्यांचं कारण वेगळं आहे. होंडानं मेरीसव्हिलला १९७९ मध्ये मोटारसायकली आणि १९८२ मध्ये गाड्या बनवायला सुरुवात केली. जपानी इंजिनिअरांची कुटुंबं डब्लिन आणि वायव्य कोलंबसमध्ये राहू लागली. ओल्ड हेंडरसन रोडवरच्या केनी सेंटर प्लाझात तेन्सुके मार्केट आणि भोवतीची जपानी खाण्याची ठिकाणं त्यातून आली. मग बेथेल आणि सॉमिलवर कोरियन, चिनी आणि आपली भारतीय दुकानं जमत गेली. पश्चिमेला वेस्ट ब्रॉडवर टाको ट्रक उभे राहतात, टायरच्या दुकानांच्या नाहीतर बंद पेट्रोल पंपांच्या आवारात. उभ्या सळईवर मांस भाजत असेल तरच ‘अल पास्तोर’ मागवा. तव्यावर परतलेलं असेल तर दुसरं काहीतरी घ्या. रोख पैसे जवळ असू द्या.

बिलाबद्दल एक उपयोगाची गोष्ट: ओहायोत बसून खाल्लेल्या अन्नावर विक्री कर लागतो, बांधून नेलेल्या अन्नावर लागत नाही. फ्रँकलिन काउंटीत तो एप्रिल २०२५ पासून ८ टक्के झाला आहे, त्यामुळे चार माणसांच्या जेवणात फरक जाणवतो. सॉफ्ट ड्रिंकवर मात्र दोन्हीकडे कर आहे. आणि दारावर हिरवा फलक बघा. कोलंबसच्या आरोग्य विभागाची तपासणी नीट पार पडल्याची ती खूण आहे. लाल म्हणजे बंद. डब्लिनला हा फलक दिसणार नाही, कारण तिथली तपासणी काउंटीकडे आहे. हद्दी इथेही आल्याच.

प्लाझांबाहेर कोलंबसनं स्वतःचं म्हणून घडवलेलं एक खाणं आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो: इथला पिझ्झा. पातळ, काठापर्यंत भरलेला, चौकोनी तुकड्यांत कापलेला. मोझरेलाऐवजी प्रोव्होलोन चीज. वर पेपरोनीच्या छोट्या चकत्या, भाजताना वाट्यांसारख्या वळणाऱ्या. मॅसीज १९४९ पासून आहे. डोनाटोज १९६३ मध्ये जिम ग्रोट यांनी घेतलं आणि मोठ्या पिझ्झावर शंभर चकत्या हा त्यांनी नियम केला. वळणाऱ्या पेपरोनीसाठी देशभर नावाजलेली एझो ही कंपनीही कोलंबसचीच.

घरी करायचा तर १४ इंची पिझ्झासाठी १७५ ग्रॅम ब्रेड फ्लॉवर, ९५ ग्रॅम पाणी, अर्धा चमचा यीस्ट, साडेतीन ग्रॅम मीठ, एक चमचा साखर, दोन चमचे तेल. सहा-सात मिनिटं मळून फ्रीजमध्ये एक दिवस ठेवा, करण्याआधी दोन तास बाहेर काढा. हातानं ताणू नका, लाटण्यानं लाटा. पारी मागे आक्रसत असेल तर ती अजून थंड आहे, पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि पुन्हा लाटा. काट्यानं भोकं पाडा, नाहीतर मधोमध फुगा येतो. फळीवर मक्याचं जाडसर पीठ पसरून त्यावर पारी घाला, शंभर ग्रॅम सॉस आणि पावणेदोनशे ग्रॅम प्रोव्होलोन अगदी कडेपर्यंत पसरा. पेपरोनी नको असेल तर लोणच्यातल्या पिवळ्या बनाना पेपरच्या चकत्या घाला, त्याही इथल्याच सवयीच्या. ओव्हनमधला दगड ५०० अंश फॅरनहाइटला पाऊण तास तापलेला हवा, मग दहा मिनिटं भाजा. मध्य ओला राहिला तर बहुतेक वेळा सॉस जास्त झालेला असतो. चीज किंवा मशरूम ओले असले तरीही हेच होतं, मशरूम आधी कोरडे परतून घ्या. काढल्यावर दोन मिनिटं थांबून आधी उभ्या पट्ट्या आणि मग आडवे काप द्या.

डाउनटाउनजवळची ठिकाणं लोकांना माहीत असतात, म्हणून थोडक्यात. नॉर्थ मार्केट १८७६ पासूनचं, सध्याच्या इमारतीत १९९५ पासून. जेनीज आइस्क्रीमची सुरुवात २००२ मध्ये इथूनच झाली. जर्मन व्हिलेज ही जुनी वस्ती पाडापाडीतून वाचली ती १९६० मध्ये स्थापन झालेल्या रहिवाशांच्या संस्थेमुळे. तिथल्या श्मिट्स या हॉटेलचं घराणं १८८६ पासून मांसाच्या धंद्यात आहे, त्यांचं सॉसेज आणि भलं मोठं क्रीम पफ घ्यावं. शॉर्ट नॉर्थला जाताना हाय स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना दुकानं लागतात आणि आपण आय-६७० हायवेच्या डोक्यावरून चाललोय हे कळतही नाही. २००४ मध्ये हायवेवर बांधलेला तो दुकानांचा पूल शहरानं केलेल्या उत्तम कामांपैकी एक आहे. उपनगरंही आता चालण्यासारखी केंद्रं बांधू लागली आहेत. डब्लिनचं ब्रिज पार्क, तिथला २०२० चा पादचारी पूल आणि नॉर्थ मार्केटची शाखा हे त्याचं चांगलं उदाहरण, पण तिथलं भाडं सोमाली खानावळीला परवडणारं नाही.

आता धोका कुठे आहे ते. जुलै २०२४ मध्ये शहरानं ‘झोन इन’ हा नवा झोनिंग कायदा, म्हणजे कुठे काय बांधता येईल ते ठरवणारा कायदा, मंजूर केला. १९५० च्या दशकानंतरचा हा पहिला मोठा बदल. मुख्य रस्त्यांच्या कडेचे सुमारे १२,३०० भूखंड पहिल्या टप्प्यात आले. तिथे गाड्यांच्या जागांची किमान अट गेली आणि उंच इमारतींना वाट मिळाली. त्याच नोव्हेंबरमध्ये मतदारांनी लिंकअस या जलद बसमार्गांसाठी अर्धा टक्का विक्री कर मान्य केला. हे मार्ग कुठून जातात? वेस्ट ब्रॉड, ईस्ट मेन, आणि वायव्येला बेथेलकडे. शहरातलं सगळ्यात चांगलं जेवण ज्या रस्त्यांवर आहे, तेच. इंटेलचा न्यू अल्बनीजवळचा कारखाना आता २०३०-३१ च्या सुमारास सुरू होईल असं कंपनीनं सांगितलं आहे, पण घरांची मागणी त्याच्यासाठी थांबलेली नाही.

दाट वस्ती आणि बस या दोन्हींच्या मी पूर्ण बाजूनं आहे. सत्तर वर्षं पसरत गेलेल्या शहराला हे करावंच लागेल. पण बिल्डरला सगळ्यात सोपी जमीन म्हणजे जुना प्लाझा: मालक एक, एकर चार-पाच, त्यातलं बहुतेक डांबर, पाडायला एक मजला. सगळ्यात आधी तोच जाणार, आणि त्याच्याबरोबर हूड असलेले आठ गाळे जाणार. नव्या इमारतीच्या नकाशात तळमजल्यावर ‘दुकानं’ लिहिलेलं असतं. चार-पाच मजले घरांचे झाल्यावर त्यातून वरपर्यंत धुराची डक्ट काढणं जवळजवळ अशक्य असतं. मग तिथे सलून, दाताचा डॉक्टर, फार तर बांधून आणलेली सँडविचेस येतात. चूल कधीच येत नाही.

म्हणून एरिया कमिशनच्या (बांधकामाच्या प्रस्तावांवर शहराला सल्ला देणाऱ्या रहिवाशांच्या समितीच्या) बैठकीत एखाद्या प्लाझाचा प्रस्ताव आला तर मजले किती यावर तास घालवण्यापेक्षा तळमजल्याचा नकाशा मागवा आणि नेमकं विचारा. छतापर्यंत जाणारी धूरवाट बांधताय का? चार किंवा अधिक मजल्यांतून जाणारी डक्ट दोन तास आग सोसणाऱ्या भिंतींत बंदिस्त हवी. दहा फुटी हूडला साधारण सोळा इंची चौकोनी डक्ट लागते, म्हणजे प्रत्येक मजल्यावर साधारण तीन बाय तीन फुटांची जागा सोडावी लागेल. अशा किती वाटा आहेत, एक की चार? वरचं तोंड छतापासून ४० इंच उंच आणि हवा आत घेणाऱ्या जागांपासून दहा फूट दूर आहे का, की वरच्या घरांच्या तक्रारींनी हॉटेल वर्षभरात बंद होईल? ग्रीस ट्रॅप जमिनीखाली एकच मोठा, सगळ्या गाळ्यांना जोडलेला आहे का, आणि तो उपसायला ट्रक मागून येऊ शकतो का? गाळे पंधराशे चौरस फुटांच्या आसपास आहेत, की पाच-सहा हजारांचा एकच हॉल आहे, जो फक्त चेनला परवडेल? आणि आज तिथे असलेल्या खानावळींना बांधकामाच्या दोन वर्षांत कुठे हलवणार, परत येताना भाडं किती, हे करारात लिहून देणार का? शहराकडून करसवलत मागणाऱ्या प्रकल्पाला या अटी घालता येतात, आणि त्या नकाशा मंजूर होण्याच्या आधीच घालाव्या लागतात.